मेलेला मुकादम

वाल्मिकचा उजवा हात मांडीवर उताणा पडलेला असे आणि तो त्याच्याकडे बघतसुद्धा नसे. बाकी सगळं चंचल सोसत होती. भावाचं हे हाताकडे न बघणं तेवढं तिला सोसत नव्हतं.

उन्हाळ्यात कापडाच्या लूमवर उभा असतानाच त्याला पक्षाघाताचा झटका आला होता. सोबतच्या कारागिरांनी उचलून रिक्षात घातलं, वेळेत दवाखाना गाठला, म्हणून जीव वाचला. बोलणं लवकर सावरलं. पायही सावरला, काठी टेकत तो गोडादऱ्यातल्या आपल्या गल्लीत टपरीपर्यंत जाऊ लागला. हात मात्र तसाच राहिला. व्यायाम करून घ्यायला येणारी वर्षाबेन आडपडदा न ठेवता बोलणारी. सुरुवातीच्या महिन्यांत बोटं जेवढी परत येतील तेवढी खरी, पुढे फार अवघड होतं, हे तिने पहिल्याच दिवशी घरात सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं. आता पावसाळा संपत आला होता आणि तिने दिलेला मऊ चेंडू खाटेखाली धूळ खात पडला होता.

"मी काय पोऱ्या शे, चेंडू दाबाले?" वाल्मिक म्हणायचा.

"चेंडू नको तर कणीक मळा," वर्षाबेन म्हणायची.

"ते काम हिनं शे." तो बायकोकडे मान वळवायचा.

"मंग हात बी मीच हालवस तुमना," पार्वती चुलीपाशी असावं तशी गॅसपाशी उकिडवी बसून म्हणायची, "तुम्ही नुसता देखत बसा."

एका संध्याकाळी वर्षाबेन निघताना दारात चपला घालता घालता चंचलला म्हणाली, "चंचलबेन, यात तेच तेच, तेच तेच करायला लागतं. मी एकदा येऊन जाते. बाकीचा दिवस त्यांचा आहे. त्यांना करावंसं वाटलं तर होईल. करावंसं वाटणं मला शिकवता येत नाही."

चंचल बमरोलीत एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर डिझाइन बनवायची. साडीच्या काठावर बसणारा एक मोर टाक्याटाक्याने पडद्यावर उभा करायचा, मग त्याचं तोंड फिरवून दुसरा. दुसऱ्या दिवशी मोराच्या पिसाऱ्यात असताना तिचं लक्ष स्वतःच्या बोटाकडे गेलं. ते माउसवर टकटक करत होतं आणि तिला त्याची खबरही नव्हती. तेच तेच, तेच तेच. आणि एकदम तिला हिलालभाऊची खोली आठवली.

ती खोली लूमच्या कारखान्यांच्या मागच्या गल्लीत होती. वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. हिलालभाऊ मूळ अमळनेरकडचा. त्याने चार जुने कॉम्प्युटर आणून वायरीने एकमेकांना जोडले होते. पाटीवर लिहिलं होतं टायपिंग आणि अर्ज भरणे. पण टायपिंगला येणार कोण? येत ते पाळीवरून सुटलेले पोरगे, डोक्याच्या केसांवर सुताची पांढरी लव घेऊन. पंख्याच्या वाऱ्याने ती लव खोलीभर उडे आणि पडद्यांवर चिकटून बसे. हिलालभाऊ दर तासाला जुन्या बनियनने पडदे पुसायचा. भिंतीपलीकडे लूम चालत. त्यांच्या खटखटीत खेळाचा आवाज कधी कोणाला नीट ऐकू आलाच नाही.

खेळाचं खरं नाव कोणाला माहीत नव्हतं. कोणीतरी उतरवून आणलेल्या सीडीवर काही लिहिलेलंच नव्हतं. आत जमिनीखाली एकाखाली एक मजले होते, अंधारे बोळ होते, राक्षस होते. म्हणून सगळे त्याला तळघर म्हणायचे. राक्षसांनाही नावं पडली. बोकडाच्या तोंडाचे ते बोकड. हाडांचे ते सापळे. आणि प्रत्येक मजल्यावर एक अवाढव्य राक्षस असे, कमरेला किल्ल्या लावलेला, चालायला मंद, पण दिसल्या दिसल्या ओरडत सुटणारा. त्याला मुकादम सोडून दुसरं काय म्हणणार? एकदा त्यांच्यातल्या चेतनने खुर्चीवरून उठून आरोळी ठोकली, "मुकादम मारला रे!" आणि दारात खरा मुकादम उभा, कोण पाळीवर आला नाही ते बघायला आलेला. चेतन जागच्या जागी आडवा झाला. हिलालभाऊने अंगावर सतरंजी टाकली आणि शांतपणे म्हणाला, "ताप आहे त्याला, साहेब. बडबडतोय."

तळघराचा एक नियम मात्र सगळ्यांच्या जिवावर उठला होता. मारलेला राक्षस पडला तिथेच पडून राही, पण आपल्यातला एक जण तरी आत असेपर्यंतच. सगळे बाहेर पडले आणि पुन्हा आत गेले, की सगळे राक्षस जिथल्या तिथे उभे. अंगावर साधा ओरखडा नाही. आणि मजल्यावरचा शेवटचा राक्षस मेल्याशिवाय खाली जायचं दार उघडत नसे. पहिले पाच मजले लहान होते, एका बैठकीत साफ होत. सहावा इतका अफाट होता की तासाभराच्या उसंतीत त्याचा एक कोपराही होत नसे.

तोड काढली वाल्मिकने. लूमवर पाळी बदलते तेव्हा यंत्र थांबत नाही. दुसरा येतो, शेजारी उभा राहतो, सुतातून धावणाऱ्या धोट्यावर नजर बसवतो, आणि मग पहिला बाजूला होतो. तसंच इथे करायचं. पुढचा येऊन बसल्याशिवाय कोणी खुर्ची सोडायची नाही. दिवसपाळीवाले संध्याकाळी, रातपाळीवाले सकाळी, आणि दुपारची मधली वेळ राहिली ती चंचलकडे आली, कारण ती शाळेतून लवकर सुटायची. हिलालभाऊचं शटर पडलं तरी एक कॉम्प्युटर सुरू राही. पडदा बंद, शेजारी राखणीला एखादा पोरगा झोपलेला, आणि खेळातल्या अंधारात त्यांचा एक माणूस जिन्यापाशी उभा, फक्त मजला सोडला नाही एवढ्यासाठी.

दुपारी चंचल त्या खोलीत शिरायची तेव्हा वाल्मिक पाळीतून पाणी प्यायच्या निमित्ताने धावत आलेला असे. "डाव्या अंगाले दोन सापळा शेतस. मुकादम खांबना मांगे. पाणी प्याले बी उठू नको." एवढं सांगून तो पळे. घरी तिला कोणी इतक्या भरवशाने कधी काही सोपवलं नव्हतं.

पण आठवड्यातून एक दिवस त्या सगळ्या पट्ट्याची वीज बंद असे. लूम थांबत, गल्ली कानाला विचित्र लागे इतकी शांत होई, आणि हिलालभाऊच्या खोलीतले चारही पडदे काळे पडत. दुसऱ्या दिवशी सगळे राक्षस जिवंत. पोरं शिव्या घालत, पुन्हा पाळ्या लावत, पुन्हा पहिल्या बोकडापासून सुरुवात करत. सहाव्या मजल्याचं दार कधी उघडलं नाही. पुढे हिलालभाऊने खोली बंद केली, चेतन शिरपूरला निघून गेला, चंचलचं लग्न झालं आणि ती शहराच्याच दुसऱ्या टोकाला, भेस्तानला आली.

हिलालभाऊही आता भेस्तानलाच मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवायचा. कामावरून सुटल्यावर चंचल तडक तिथे गेली.

"हिलालभाऊ, तळघर आहे का अजून?"

त्याने डोळ्यावरची भिंगाची काच वर केली. "अगं, मोडीत गेले ते डबे. आतला माल कोणी मोडीत घालतं का?" मग जरा थांबून, "वाल्मिकला पाहिजे?"

"त्याला काही नको आहे. म्हणून तर न्यायला आले."

वाल्मिकला बघायला तो दवाखान्यात येऊन गेला होता, त्यामुळे जास्त सांगावं लागलं नाही. त्याने तिच्या लॅपटॉपवर खेळ चढवून दिला आणि चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही.

त्याच संध्याकाळी गोडादऱ्यात वाल्मिकने लॅपटॉपचा पडदा बघितला. खाट सोडून खुर्चीवर येऊन बसला. आणि डावा हात माउसवर ठेवला.

चंचलने माउस उचलून उजव्या बाजूला ठेवला. "डाव्याने चालणार नाही."

"मना हात शे, मी देखसू काय करानं ते."

"मग देख ना! इतके दिवस झाले, एकदा तरी देखलास त्याच्याकडे?"

पार्वतीची भाकरी थापायची थाप थांबली. पडद्यावर एक बोकड बोळातून बाहेर आला आणि वाल्मिकच्या माणसाला मारू लागला. माणूस नुसता उभा राहून मार खात होता.

"दादा, मारतोय तो."

वाल्मिकने डाव्या हाताने उजवा हात उचलला, माउसवर आणून ठेवला आणि त्याच्याकडे बघितलं. कपाळाला आठ्या पडल्या. खांद्यापासून जोर आला, कोपर सरकलं, आणि बोट बटणावर पडलं. दाबलं गेलं म्हणता येणार नाही, पडलं. बोकड एकदा हलला. पुन्हा बोट पडलं. पुन्हा. माणूस मरायला टेकला होता तेव्हा बोकड कोसळला.

"पडना!" पार्वती पिठाच्या हातानिशी मागे येऊन उभी होती.

लॅपटॉप चंचलने तिथेच ठेवला. दुसऱ्या संध्याकाळी ती आली तेव्हा वाल्मिक आधीच खुर्चीत बसला होता. "चालू कर. सगळा परत उना व्हतीन, हरामखोर."

तिने खेळ सुरू केला. बोकड काल पडला होता तिथेच पडलेला होता. त्याच्या पुढचे दोघेही.

"हाऊ तं मरेलच शे," वाल्मिक म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार होती.

तिने हिलालभाऊला फोन लावला आणि त्याचा आवाज मोठा केला. तिकडून हसणं आलं. "अरे, तो एकट्याचा खेळ लावलाय मी. सुरुवातीच्या यादीतली पहिली ओळ. एकट्याच्या खेळात मेला तो मेला. कॉम्प्युटर बंद करा, महिन्याने चालू करा, मेलेलाच असणार. परत उठायचे ते जोडून खेळलं की. सगळे बाहेर पडले की सगळे जिवंत."

"पह्यली ओळ तवं बी व्हती?"

"तेव्हाही होती."

"आनि तू कधी सांगंच नही!"

"तू विचारलंस कधी? तू तर सगळ्यांना दम देत होतास, उठायचं नाही म्हणून. आणि चार डबे जोडलेले असताना एकटा कोण बसणार होता, सांग?"

चंचलने घाबरून भावाकडे बघितलं. इतक्या पाळ्या, इतकी राखण, रात्रभर जिन्यापाशी उभा केलेला माणूस. यंत्र बंद केलं की केलेलं काम वाया जातं, हे ज्यांच्या अंगात भिनलेलं, त्यांच्यातल्या एकालाही पहिली ओळ लावून बघावी असं सुचलं नव्हतं. वाल्मिकचे खांदे हलू लागले. तो हसत होता. झटका आल्यापासून पहिल्यांदा, तोंड एका बाजूला जरासं ओढलं जात होतं तरी, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होता. "चेतनले त्याना बापनी मारं व्हतं," तो म्हणाला, "रातभर घर उना नही म्हनीसन. कसासाठे? बोकडसाठे!"

त्यानंतर तो रोज बसू लागला. वर्षाबेनने माउसखाली टॉवेलची घडी ठेवायला सांगितली, मनगट कसं टेकायचं ते दाखवलं. आधी नुसतं पडणारं बोट दाबू लागलं. दिवाळीच्या आत अंगठा हलायला लागला. तिने त्याची मूठ उघडझाप करून बघितली आणि म्हणाली, "काका, असंच चालू ठेवा. आता थांबू नका. आता थांबलात तर आहे तिथेच राहील."

सहाव्या मजल्याचा मुकादम एका दुपारी मेला आणि दार उघडलं. वाल्मिकने शिरपूरला चेतनला फोन लावायला लावला.

"दार उघडनं रे, सहावानं!"

"कोणतं दार?" चेतन म्हणाला. तो आता खतांच्या दुकानात होता, मागे गिऱ्हाईक बोलत होतं. मग गिऱ्हाइकाचा आवाज लांब गेला, आणि हळूच, "मुकादम कुठे होता, वाल्मिक? खांबामागेच ना?"

"खांबना मांगेच."

"साला," चेतन म्हणाला.

दाराखालचे मजले फार निघाले नाहीत. वाल्मिक तळाला पोहोचला, शेवटचा राक्षस पडला, पडद्यावर खेळ बनवणाऱ्यांची परकी नावं वर सरकत गेली आणि खेळ संपला. त्या आठवड्यात चंचलला कारखान्यात लग्नसराईचं काम होतं. ती आली नाही. आली तेव्हा पार्वतीने दारातच खुणेने आत दाखवलं.

वाल्मिक खुर्चीत होता. पडद्यावर सहावा मजला होता. तो तळातून चढत परत तिथे आला होता. त्याचा माणूस मधल्या दालनात उभा होता आणि चारी बाजूंना बोकड, सापळे, खांबामागे मुकादम, सगळे मारले होते तसे पडलेले. काही हलत नव्हतं. उजवा हात मांडीवर उताणा होता.

"काय करतोयस, दादा?"

"काही नही. हिंडी ऱ्हायनू." मग म्हणाला, "तठे कोनीच नही व."

"नवा खेळ सुरू करू या का? पहिल्यापासून?"

"कसाले?"

चंचल शेजारी बसली. पार्वतीने हळूच सांगितलं की दोन दिवस वर्षाबेनलाही त्याने परत पाठवलं होतं, सगळं झालं म्हणून. चंचलला ती मेलेली माणसंच आहेत असं क्षणभर वाटलं, इतका तो मजला ओळखीचा होता. इथे चेतनचा माणूस कोपऱ्यात लपायचा. इथे तिने एकटीने दुपारभर जिना धरला होता, तहान लागली तरी उठली नव्हती. मजला साफ व्हावा म्हणून त्यांनी वर्षभर जीव टाकला होता, आणि तो साफ असा दिसतो होय. राक्षस परत उठायचे म्हणून तर रोज कोणाला तरी यावं लागायचं. यावं लागायचं, म्हणून सगळे असायचे.

तिने तिथूनच हिलालभाऊला फोन केला. "जोडायचा खेळ लावायचाय. अजून दोन डबे लागतील."

"तीन," हिलालभाऊ म्हणाला. "रविवारी दुकान बंद असतं माझं."

रविवारी तो तीन जुने लॅपटॉप आणि वायरीचं भेंडोळं घेऊन आला. पोहे झाले. चंचल एकीकडे बसली, हिलालभाऊ एकीकडे, आणि पार्वतीला जबरदस्तीने वाल्मिकच्या मांडीला मांडी लावून बसवलं, कारण चंचल काही रोज भेस्तानहून येऊ शकणार नव्हती. पार्वती पहिल्या पाच मिनिटांत तीनदा मेली.

"हाऊ माले काब्र मारस? मी काय करं याले?"

"तू त्याना अंगवर चालनी गई! मांगे ऱ्हाय, मना मांगे."

"आयुष्यभर तेच करी ऱ्हायनू," पार्वती म्हणाली आणि चौथ्यांदा मेली. हिलालभाऊ पोह्यांवरच ठसकला.

दुपारपर्यंत तिला जमू लागलं. ती सापळ्यांना आईबहिणीवरून नाही, पण त्यांच्या गावांवरून शिव्या देऊ लागली. वाल्मिक उजव्या हाताने मारत होता आणि तोंडाने सगळ्यांना कामं वाटत होता: हिलाल डावीकडे, चंचल जिन्यावर, तू हालू नको. ऊन उतरलं तेव्हा सहाव्या मजल्याचा मोठा भाग झाला होता. मुकादम खांबामागे आडवा पडला होता. थोडेसे बोकड तेवढे बाकी होते.

हिलालभाऊला निघायचं होतं. चंचलला सासूच्या जेवणाची वेळ गाठायची होती. ती उठायला लागली तशी पार्वतीने तिचा हात धरला. "तुम्ही जा, ताई. मी बसस ना आठे. डाळ उतरी देस आनि बसस. सगळा उठनात तं परत जित्ता व्हतीन ना त्या?" नियम तिला एका दिवसात पाठ झाला होता.

"उठ," वाल्मिक म्हणाला.

"अहो, पण इतला मारात आपन..."

"येऊ दे परत. सकाय मी काय मारू मंग?" त्याने चंचलकडे बघितलं नाही, पडद्याकडे बघत होता. "वर्षाबेनले सांग, सकायपासून येवाले. आनि तू पुढला रविवारले ये. हिलाल, तू बी."

एकेक जण खेळातून बाहेर पडला. शेवटी सहाव्या मजल्यावर एकटा वाल्मिकचा माणूस राहिला. चंचलने सवयीने माउसकडे हात नेला आणि मागे घेतला. वाल्मिकचा उजवा हात सरकत पडद्याच्या कोपऱ्यातल्या, खेळ बंद करायच्या बारीक चौकोनाकडे निघाला. बाण थरथरत होता. एकदा वरून गेला. परत फिरला, खालून गेला. वाल्मिकने ओठ आवळले, मनगट टॉवेलवर टेकवलं, पुन्हा सुरुवात केली.

"मुकादम बी उठी?" पार्वतीने विचारलं.

"तो तं पह्यले," वाल्मिक म्हणाला, आणि बोटाने दाबलं.